गोदाकाठी एक आठवडा

सहलीचे बेत बहुधा घाईने आखले जातात. स्थळांची लांबलचक यादी प्रथम तयार होते आणि मग सुटीचे दिवस त्या यादीत कसेबसे कोंबले जातात. पहाटे गाडी सुटते. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास मिळतो. देऊळ पाहून होते न होते तोच मोटारीचा कर्णा वाजू लागतो. घरी परतल्यावर कोणते तळे कोणत्या गावी होते, याविषयी भावंडांत वाद माजतो आणि तो मिटविणे वडीलधाऱ्यांनाही साधत नाही. याउलट, एकाच शहरी मुक्काम करावा, सामान एकदाच सोडावे, दिवसाआड जवळपासचे एखादे स्थळ पाहून सायंकाळी मुक्कामास परत यावे, अशीही सहल असते. तीत स्थळे थोडी पाहून होतात; परंतु जी होतात ती मनात राहतात. अशा निवांत सहलीस नाशिकइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

असा बेत आखताना पहिला मान नकाशाला द्यावा. नाशिक शहरावर बोट ठेवले म्हणजे असे दिसून येते, की पश्चिमेस सुमारे २८ किलोमीटरांवर त्र्यंबकेश्वर आहे. पूर्वेस निफाड तालुक्यात सुमारे ४० किलोमीटरांवर नांदूर मधमेश्वरचे पक्षी-अभयारण्य आहे. आग्नेयेस ३० किलोमीटरांवर सिन्नर, उत्तरेस ६० किलोमीटरांवर सप्तशृंगीचा गड आणि दक्षिणेस ७० किलोमीटरांवर भंडारदऱ्याचे धरण आहे. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यातून चहूकडे आरे निघावेत, तशा या वाटा नाशिकमधून निघालेल्या आहेत. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जावयाचे तर बहुधा तुंब्याकडे परत यावेच लागते. यातून आपोआप एक नियम निघतो : एका दिवशी एकच दिशा. त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगी ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी उरकण्याचे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी कागदावर थोडे गणित करावे. जाऊन-येऊन दोन्हींचे अंतर १७६ किलोमीटर होते. वळणांच्या आणि वर्दळीच्या रस्त्यावर तासाला ३५ किलोमीटर वेग धरला, तर पाच तास केवळ गाडीतच जातात. मग दर्शनाची रांग, जेवण, डोंगरावरचा वारा यांसाठी उरले काय?

दुसरा विचार ऋतूचा. पावसाळ्यात हा सारा प्रदेश हिरवागार असतो व डोंगरकड्यांवरून धबधबे कोसळतात. परंतु गोदावरीस पूर आला म्हणजे घाटावर जाता येत नाही आणि डोंगरांच्या पायऱ्या निसरड्या होतात. मे महिन्यात मुलांना सुटी असते खरी. पण दुपारचे ऊन इतके कडक असते, की दिवसाचा मधला भाग घरातच काढावा लागतो. द्राक्षे खावयाची असतील तर जानेवारी ते मार्च हे महिने उत्तम; मात्र तेव्हा शाळा चालू असतात. सर्व बाजूंनी पाहता दिवाळीच्या सुटीचा उत्तरार्ध सोयीचा ठरतो. पाऊस ओसरलेला असतो, सकाळी गारवा असतो, परदेशी पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात. द्राक्षे मात्र त्या वेळी मिळत नाहीत. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. ती वेलीला नव्या काड्या फुटाव्यात म्हणून असते. ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. ती फळ धरावे म्हणून. दिवाळीत गेलेल्या प्रवाशाला नुकतीच छाटलेली वेल व तिच्यावर फुटलेले कोवळे घड पाहावयास मिळतात. बाजारातील द्राक्षांमागे किती महिन्यांची मेहनत असते, हे त्या दृश्याने जितके कळते तितके फळ खाऊन कळत नाही.

आणखी एक काळ टाळावा. गुरू हा ग्रह सिंह राशीत येतो तेव्हा, म्हणजे सुमारे बारा वर्षांनी एकदा, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २०१५ सालानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ सालचा. तो सोहळा पाहण्यासाठी देशभरातून लक्षावधी लोक येतात आणि तो पाहण्याजोगा असतोही. पण निवांतपणा हवा असेल, तर तो त्या गर्दीत मिळणार नाही.

समजा, मुंबईहून एक कुटुंब निघाले आहे. आई, वडील, दोन मुले आणि गुडघेदुखीने थोडी बेजार झालेली आजी. सात दिवस म्हटले, तरी पहिला दिवस येण्यात व शेवटचा जाण्यात खर्च होतो. हाती पाचच उरतात. या पाचांपैकी दोन दिवस लांबच्या फेऱ्यांना, दोन दिवस शहरास व त्याच्या कुशीतील लेण्यांना, आणि एक दिवस कशालाही नाही, अशी वाटणी करावी. हा रिकामा दिवस पाहून मुलांना नवल वाटते, क्वचित रागही येतो. त्याचा उलगडा पुढे होईल.

आगगाडीने जाणे उत्तम. कसारा स्थानकात गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात आणि ती ढकलीत ढकलीत गाडीला थळघाट चढवून इगतपुरीस पोहोचवितात. या घाटातील चढ काही जागी सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. इगतपुरी आली, की कोकण संपून देश लागतो. हवा पालटलेली चटकन जाणवते. उतरावयाचे स्थानक नाशिक रोड. ते जुन्या गावापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. या भागातच सरकारी छापखाना आहे. टपालाची तिकिटे येथे छापली जातात आणि शेजारच्या मुद्रणालयात चलनी नोटा. तो आत जाऊन पाहण्याचा हट्ट मुलांनी धरू नये. तेथील पहारा कडक असतो व तो तसा असणेच योग्य होय.

पहिल्या दिवशी सायंकाळी नदीकाठी जाण्याखेरीज दुसरे काही करू नये. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली गोदावरी पूर्वेकडे वाहत येते. पण रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळण घेते. तिच्या उजव्या तीरावर जुने नाशिक, डाव्या तीरावर पंचवटी. काठावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात नाशिककर पुराचे माप या मूर्तीवरून सांगतात : पाणी मारुतीच्या पायांशी आले, गुडघ्यांस लागले, कमरेपर्यंत चढले. गळ्यापर्यंत पाणी आले, म्हणजे सारे शहर धास्तावते. जवळच नारोशंकराचे देऊळ आहे. ते १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधविले. त्याच्या तटावरील प्रचंड घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून आणलेली, असे सांगतात. मोठ्या आवाजाच्या माणसास नारोशंकराची घंटा म्हणण्याचा प्रघात या घंटेवरूनच पडला.

दुसरी सकाळ पंचवटीची. पाच वडांवरून हे नाव पडले आणि रामचंद्रांनी वनवासातील काही काळ येथे काढला, अशी श्रद्धा आहे. सीतागुंफा पाहून काळारामाच्या देवळात यावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी हे देऊळ काळ्या दगडांत बांधविले. प्राकार ऐसपैस आहे, ओवऱ्या थंडगार आहेत. आजीला तेथे टेकता येते आणि मुलांना शिखर निरखून पाहता येते. परंतु या देवळाशी लोक थबकतात ते केवळ त्याच्या बांधणीमुळे नव्हे. ज्या दरवाजातून आज कोणीही सहज आत जातो, त्याच दरवाजातून एके काळी हजारो माणसांना, ती अस्पृश्य मानली गेली म्हणून, आत पाऊल टाकता येत नसे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. हजारो पुरुष व स्त्रिया शांतपणे मिरवणुकीने देवळाशी आल्या. दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रही दाराशी बसून राहिले. त्यांना अटक झाली, मारहाण सोसावी लागली. दादासाहेब गायकवाड यांनी स्थानिक कार्यकर्त्यांसह हा लढा नेटाने चालविला. तो १९३५ सालापर्यंत अधूनमधून चालू राहिला, तरीही दार उघडले नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातीलच येवले या गावी आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. १९४७ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, तेव्हा कोठे मंदिर-प्रवेशाचा हक्क सर्वांस मिळाला. हा इतिहास त्या दाराशी उभे राहून सावकाश सांगावयाचा आहे. गाडीचा कर्णा वाजत असताना तो सांगता येत नाही. म्हणून त्या दिवशी दुपारनंतरचा कार्यक्रम मोकळाच ठेवावा.

तिसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर. सोमवार असेल तर दिवस बदलावा. शंकराचा वार म्हणून त्या दिवशी रांग फार मोठी असते. आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधावयास घेतले आणि ते पुरे होण्यास १७८६ साल उजाडले. देवळाजवळ कुशावर्त तीर्थ आहे. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू व गुरू निवृत्तिनाथ यांची समाधीही याच गावी आहे. डोक्यावर ब्रह्मगिरीचा उभा कडा. गोदावरीचा उगम या डोंगरात आहे. येथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरविते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. कारण उघड आहे. सह्याद्रीची पश्चिम बाजू कड्याप्रमाणे तुटलेली आहे. पूर्वेकडे मात्र दख्खनचे पठार हळूहळू उतरत गेले आहे, आणि पाण्याला उतार कळतो, अंतर कळत नाही. मुलांनी वडिलांसह गंगाद्वारापर्यंतच्या पायऱ्या चढाव्यात. आजीने खाली राहून एक निराळेच काम करावे. येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे, गावे व सह्या जपून ठेवलेल्या असतात. आपले गाव व आडनाव सांगून चौकशी केल्यास, कधी काळी येऊन गेलेल्या पणजोबांची मोडी लिपीतील सही एखाद्या जीर्ण पानावर सापडूही शकते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्मही त्र्यंबकचाच, साल १८७०.

या वाटेवर, नाशिकपासून सुमारे २० किलोमीटरांवर, अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून भाविक तेथे जातात. त्याच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासास वाहिलेली एक संस्था व तिचे संग्रहालय आहे. परतताना तासभर तेथे अवश्य थांबावे. संग्रहालयांना आठवड्यातून एखादा दिवस सुटी असते. तो दिवस आधी विचारून घ्यावा. नाणी पाहण्याचा हा तास दुसऱ्या दिवशी कामास येतो.

कारण चौथा दिवस पांडवलेण्यांचा. नाशिकपासून सात-आठ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, त्रिरश्मी नावाचा डोंगर आहे. त्याच्या उत्तर अंगास कातळात कोरलेली २४ लेणी आहेत. नाव पांडवांचे असले, तरी पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे चार महिने राहता यावे म्हणून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही कोरली गेली. पायऱ्या पुष्कळ आहेत. पण सकाळच्या गार वेळी, मधूनमधून बसत, आजीसुद्धा अर्ध्या तासात वर पोहोचते. येथील एका अतिप्राचीन लेखात नाशिक हे नाव आढळते. यावरून गावाचे नाव किती जुने आहे, याची कल्पना येईल.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी मात्र पुरेसा वेळ काढावा. क्षहरात वंशातील नहपान राजाचा जावई उषवदात याने ते कोरविले. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याच्या दानांची हकीकत खोदलेली आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या. बागा, तळी, विहिरी केल्या. तापी, दमण, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर वाटसरूंसाठी फुकट नावा ठेवल्या. प्रवाशाला काय काय लागते, याची ही यादी आजही फारशी बदललेली नाही. याच लेण्यातील दुसऱ्या एका लेखात हिशेब आहे. येथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदाताने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम कधी परत घ्यावयाची नाही. केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. मुलांनी ओसरीतच बसून ताळा करून पाहावा. २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०; आणि वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पैपर्यंत जुळतो. पेढी नव्हती, पासबुक नव्हते. पण विणकरांच्या संघटनेवर राजाच्या जावयाचा इतका विश्वास होता, की तिच्याकडे ठेवलेल्या पैशाची नोंद त्याने सरळ कातळावर करून ठेविली.

तेथून तिसऱ्या लेण्याकडे जावे. सहा धिप्पाड आकृत्या आपल्या खांद्यांवर त्याची ओसरी तोलून धरीत आहेत. हे लेणे गौतमी बलश्री या राजमातेने दान दिले. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तेव्हा हयात नव्हता आणि नातू पुळुमावी याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष चालू होते. लेखात तिने आपल्या मुलाचे वर्णन कोरविले आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले होते; त्याने क्षहरातांचा वंश निपटून काढला; नगरजनांचे सुख ते त्याचे सुख आणि त्यांचे दुःख ते त्याचे दुःख होते; आणि आईची सेवा करण्यात त्याने कधी कसूर केली नाही. एवढ्या मोठ्या राजाच्या थोरवीत ही शेवटची गोष्ट आईखेरीज कोणी लिहिली असती?

आता प्रश्न असा, की आईने लिहिले ते खरे कशावरून? पुत्रप्रेमाने तिने काही वाढवून सांगितले नसेल कशावरून? याचे उत्तर जमिनीतून मिळाले. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी या गावी तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची होती. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्राचा छाप नव्याने ठोकलेला होता. जिंकलेल्या राजाची नाणी वितळविण्याऐवजी त्यांवर स्वतःची मुद्रा उठवून त्याने ती पुन्हा चलनात आणली. लेण्याच्या भिंतीवरचा लेख आणि जमिनीत पुरलेली नाणी एकमेकांची साक्ष देतात, ती अशी.

या लेण्यांतून उतरल्यावर त्या दिवशी आणखी काही पाहण्याची इच्छा होऊ नये. पायथ्याशी फाळके-स्मारकाची बाग आहे; तेथे मुलांनी धावावे व मोठ्यांनी बसावे.

पाचव्या दिवशी पहाटे अंधारातच नांदूर मधमेश्वरला निघावे. संपूर्ण आठवड्यात लवकर उठण्याचा प्रसंग हा एकच. कारण पक्षी प्रवाशांसाठी थांबत नाहीत. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला. पुढे त्याच्या मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, गाळाची बेटे तयार झाली व त्यांवर पाणवनस्पती माजल्या. जलाशय गाळाने भरणे इंजिनिअरांच्या दृष्टीने नुकसानीचे. पण पाणपक्ष्यांना जसे उथळ, चिखलाळ व अन्नाने भरलेले पाणी हवे असते, तसे ते नेमके झाले. १९८६ साली हे अभयारण्य ठरले आणि २०२० साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रात हा मान मिळविणारे ते पहिलेच स्थळ. चक्रवाकांच्या जोड्या, चमच्यासारखी चोच पाण्यात फिरविणारे चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक आणि नशीब जोरावर असेल तर रोहित येथे दिसतात. दुर्बीण एकच असल्यास पाळ्या लावाव्यात, आणि रंगीबेरंगी कपडे घालू नयेत. परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट केली, तर लासलगावच्या प्रसिद्ध बाजारात कांद्याचे लिलाव पाहता येतात. मात्र दिवाळीत ते काही दिवस बंद असतात, याची चौकशी करून मगच गाडी वळवावी.

येथे कुटुंबात मतभेद होतो. आजीला सप्तशृंगीचे दर्शन हवे असते, मुलांना भंडारदरा. दोन्ही मागण्या रास्त आहेत. गडावर २०१८ सालापासून रुळांवरून चढणारी ट्रॉली चालू झाल्याने गुडघ्यांचे दुखणे आता आड येत नाही. तेव्हा आजीची इच्छा पक्ष्यांच्या दिवसाच्या बदल्यात पुरी करता येईल, आणि वडीलधाऱ्यांचा नवस असेल तर ती करावीच. भंडारदऱ्याचे तसे नाही. प्रवरा नदीवरील ते धरण, रंध्याचा धबधबा आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई ही स्थळे स्वतंत्र सहलीची आहेत. ती एका दिवसात बसवावयास गेले तर एकही धड पाहून होत नाही. ती या खेपेस सोडून द्यावीत. सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वराचे देऊळ मात्र अर्ध्या दिवसाचे काम आहे. सहाव्या दिवशी कोणाचे पाय स्वस्थ बसत नसतील, तर त्यांनी तिकडे जावे.

सहावा दिवस तोच, ज्यावर काही लिहिलेले नाही. प्रवासात कोणाला तरी ताप येतो, अवकाळी पाऊस पडतो, एखाद्या ठिकाणी दार बंद आढळते. ज्या बेतात एकही दिवस मोकळा नसतो, तो अशा पहिल्याच धक्क्याने कोलमडतो. ज्यात असतो, त्यात हुकलेले स्थळ सहाव्या दिवशी सरकविता येते. आणि काहीच हुकले नाही, तर मग खरी मौज. सकाळी झणझणीत मिसळ खावी. भांडी बाजारात जाऊन तांब्यापितळेच्या भांड्यांची लखलख पाहावी. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाकडे पाय वळवावेत. कुसुमाग्रजांचे वास्तव्य दीर्घकाळ याच गावी होते. दुपारी झोप काढावी. संध्याकाळी पुन्हा नदीवर जावे. पहिल्या सायंकाळी जी नुसती पाण्याची धार होती, तिचा उगम मुलांनी आता पाहिलेला असतो आणि संगमही पाहिलेला असतो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेकडे बोट दाखवून ती आजीला पुराचे माप समजावून सांगू लागतात.

सातव्या दिवशी सामान बांधावे, चिवड्याचे पुडे वरच्या पिशवीत ठेवावेत आणि नाशिक रोडला गाडीच्या वेळेपूर्वी तासभर पोहोचावे. जुन्या गावातून निघणारा रस्ता सकाळी फार गजबजलेला असतो.